चर्चला जाणं सुटलं, तरी मत कुठल्या चर्चचं?

पिंपळपान (धागाकर्ता)

आयर्लंडमध्ये १९८३ साली एक सार्वमत झालं. गर्भातल्या जिवाला आईइतकाच जगण्याचा हक्क आहे, असं कलम राज्यघटनेत घालायचं का, हा प्रश्न होता. सुमारे ६७ टक्के मतदारांनी 'घाला' म्हणून सांगितलं. २०१८ मध्ये तेच कलम काढून टाकायचं का, म्हणून पुन्हा लोकांकडे गेले. ६६ टक्क्यांहून थोडे जास्त लोक म्हणाले, 'काढा'. पस्तीस वर्षांनी आकडा जवळपास तोच, पारडं मात्र उलटं.

गंमत अशी की, या दुसऱ्या सार्वमताच्या दोनच वर्षं आधी, २०१६ च्या जनगणनेत, ७८ टक्के आयरिश लोकांनी धर्माच्या रकान्यात 'रोमन कॅथलिक' लिहिलं होतं. बिशपांची भूमिका तसूभर बदलली नव्हती. म्हणजे रकान्यात कॅथलिक लिहिणाऱ्या बऱ्याच लोकांनी मतपेटीत चर्चच्या विरोधात मत टाकलं.

यावरून 'आता धर्माचा राजकारणावर परिणाम उरला नाही' असं म्हणून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. त्याच आयर्लंडमध्ये दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा आजही कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. २०१८ पर्यंत जागा कमी असतील तर बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी प्रवेश देता येत असे. मग काय, स्वतः कधी मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) न जाणारे आईबाप पोराला उचलून बाप्तिस्म्याला नेत. देवासाठी नाही, पहिलीच्या प्रवेशासाठी! कायदा करून हे थांबवावं लागलं.

तर माझं म्हणणं असं आहे: फादर किंवा पाद्री प्रवचनात काय सांगतात याने राजकारण फार ठरत नाही. चर्चच्या हातात काय आहे याने ठरतं. शाळा, दवाखाने, सभागृहं, वर्गणीची सोय, दर आठवड्याला एकत्र येणारी माणसं. हे ज्याच्याकडे असतं त्याचं वजन असतं, मग तो त्याचा वापर कशासाठीही करो.

'कशासाठीही' हे मुद्दाम लिहिलं. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन (बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या दक्षिणेकडच्या चर्चचा संघ) १८४५ मध्ये वेगळं झालं, कारण गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो की नाही यावर उत्तरेकडच्यांशी बिनसलं. (याची माफी त्यांनी १९९५ मध्ये मागितली. दीडशे वर्षं लागली.) आणि मार्टिन ल्यूथर किंग कोण? तेही बॅप्टिस्टच, बापही पाद्री. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध त्यांच्या नेतृत्वाखाली झालेला माँटगोमेरी शहरातला बस बहिष्कार ३८१ दिवस चालला. पण बसमध्ये बसायचं नाही तर माणसं कामावर जाणार कशी? आंदोलकांनी स्टेशन वॅगन गाड्या घेतल्या आणि त्या वेगवेगळ्या चर्चच्या नावावर केल्या. गाडीच्या दारावर चर्चचं नाव रंगवलेलं, आत धुणीभांडी करायला निघालेल्या बायका. विमा कंपन्या विमा रद्द करत होत्या, पोलीस चालकांना अडवत होते, तरी गाड्या धावल्या. चर्च नसतं तर भाषणं झाली असती, वाहतूक झाली नसती.

तुम्हाला काय वाटतं? दुसऱ्या देशांतली उदाहरणं आली तर आवडतील.

तिरपा डोळा

लेख आवडला, पण निष्कर्ष घाईचा वाटला. शिकवणुकीला तुम्ही फारच स्वस्तात उडवून लावलंत.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाच्या आर्चबिशप रोमेरोंचं घ्या. शाळा-दवाखान्यांच्या जोरावर राजकारण करायचं असतं तर ते सरकारशी जुळवून घेऊन सुखात राहिले असते. जमीनदार आणि लष्कर दोघंही कॅथलिकच होते. पण माणूस रेडिओवरून मारल्या गेलेल्यांची नावं वाचायला लागला, सैनिकांना 'गोळ्या झाडू नका' म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० ला, मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. हे श्रद्धेशिवाय होत नाही. चर्चने २०१८ मध्ये त्यांना संत ठरवलं, म्हणजे चर्चलाही पचवायला अडतीस वर्षं लागली.

पिंपळपान

@तिरपा डोळा, मान्य. एकेका माणसाच्या बाबतीत श्रद्धाच असते. पण रोमेरोंचा आवाज देशभर पोचला तो चर्चच्या स्वतःच्या रेडिओ केंद्रामुळे, हेही बघा. आणि गोळी घालवणारे त्याच पंथाचे होते हे तुम्हीच लिहिलंय. एकच शिकवण दोन्हीकडे असेल तर फरक तिने पडला असं कसं म्हणायचं?

तिरपा डोळा

शिकवण एक होती, पण एकाने ती ऐकली. असो, यावर आपलं एकमत व्हायचं नाही. :)

खडूफळा

मी जर्मनीत नोकरी करतो, म्हणून तिथलं थोडं.

इथे नवीन घरात राहायला गेलं की नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. मला वाटलं जनगणनेसारखी माहिती घेत असतील. सोबतचा स्पॅनिश सहकारी लहानपणचा बाप्तिस्मा आठवून सवयीने 'रोमन कॅथलिक' लिहून आला. पहिल्या पगाराच्या स्लिपवर एक जास्तीची कपात दिसली: चर्च-कर! आयकराच्या रकमेवर बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. वसूल करतं सरकारचं आयकर खातं, आणि चर्चकडे पोचवतं. नको असेल तर न्यायालयात किंवा नोंदणी कार्यालयात जाऊन 'मी चर्च सोडतो' असं रीतसर लिहून द्यायचं. पोरगा चार वर्षांत एकदाही चर्चमध्ये गेला नव्हता, पण सही करायला गेला त्या दिवशी जरा गप्प गप्प होता. घरी आईला सांगितलं नाहीये म्हणाला.

एकट्या २०२२ मध्ये पाच लाखांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्च असं अधिकृतपणे सोडलं. तरी चर्चचं सार्वजनिक वजन त्या प्रमाणात घटत नाही, कारण कॅरितास आणि डियाकोनी या चर्चच्या सेवासंस्था देशातल्या सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्यांपैकी आहेत. आणि चर्चच्या नोकरीला चर्चचे नियम. एका कॅथलिक रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरला घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं म्हणून काढलं होतं. तो दहा वर्षं कोर्टात भांडला, प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये तो जिंकला. धागाकर्त्याच्या मुद्द्याला हे उदाहरण अगदी फिट बसतं.

राजकारणाचं म्हणाल तर, सीडीयू या पक्षाच्या नावातच 'ख्रिस्ती' आहे. पण १९४५ मध्ये तो निघाला तो कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका पक्षात आणायला. त्याआधीचा झेंट्रुम पक्ष कॅथलिकांचा होता. बिस्मार्कने १८७० च्या दशकात कॅथलिक चर्चवर जे कायदे लादले त्यांनी तो पक्ष खचला नाही, उलट घट्ट झाला.

शेवंती

खडूफळा, प्रतिसाद मस्त. त्या स्पॅनिश मुलाचं वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं.

ढेकूळ

एवढं कशाला लिहायचं? सरळ आहे. रविवारी चर्चमध्ये सांगतात कुणाला मत द्यायचं आणि सगळे रांगेने जाऊन देतात. व्होट बँक.

जुनी वही

@ढेकूळ, धाग्याचे पहिले दोन परिच्छेदच पुन्हा वाचा की राव.

नागालँडचं उदाहरण देते. लोकसंख्येत सुमारे ८८ टक्के ख्रिस्ती, त्यात बहुसंख्य बॅप्टिस्ट. २०१८ च्या निवडणुकीआधी तिथल्या बॅप्टिस्ट चर्च परिषदेने खुलं पत्र काढून भाजपच्या बाबतीत सावध केलं होतं. निकाल? भाजपने २० जागा लढवल्या आणि १२ जिंकल्या. २०२३ मध्ये पुन्हा १२. दोन्हीकडचे उमेदवार, दोन्हीकडचे कार्यकर्ते त्याच चर्चमध्ये बसणारे. रांगेने जाऊन मत देणार तरी कुठल्या रांगेने?

आता मूळ विषय. अमेरिकेबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. आपण समजतो की धर्मामुळे राजकारण बदलतं. तिकडे राजकारणाने धर्म बदलला.

१९२८ मध्ये अल स्मिथ हे अध्यक्षपदासाठी मोठ्या पक्षाचे पहिले कॅथलिक उमेदवार होते. हा निवडून आला तर पोपचं राज्य येईल, असा प्रचार झाला आणि ते पडले. पडायला इतरही कारणं होती, पण ही भीती खरी होती. १९६० मध्ये केनेडींना तेच ऐकावं लागलं. १२ सप्टेंबरला ते ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या सभेत गेले, म्हणजे अक्षरशः सिंहाच्या गुहेत, आणि म्हणाले की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे, जो कॅथलिकही आहे. भाषण संपल्यावर पाद्र्यांनी प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. ज्या घटनेत 'कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही' असं सहाव्या कलमात लिहिलंय त्या देशातली ही गोष्ट. कागदावर अट नव्हती, लोकांच्या मनात होती.

आता उडी मारून बायडेनकडे या. दुसरे कॅथलिक अध्यक्ष, दर रविवारी मिस्सेला जाणारे. त्यांच्यावर संशय कुणी घेतला? प्रोटेस्टंटांनी नाही. २०२१ मध्ये खुद्द कॅथलिक बिशपांच्या परिषदेत वाद झाला की गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणाऱ्या नेत्याला ख्रिस्तप्रसाद द्यावा की नाही! साठ वर्षांपूर्वीची भिंत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यामध्ये होती. आता ती दोन्ही पंथांच्या मधोमध उभी चिरत गेलीय. भिंतीच्या एका बाजूचे कॅथलिक आणि इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दाला प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) दुसऱ्या बाजूच्या कॅथलिकांपेक्षा एकमेकांना जवळचे.

आणि हे ऐका: १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या जिवाला किंवा मनःस्वास्थ्याला धोका अशा वेळी गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तेव्हा गर्भपात हा 'कॅथलिकांचा विषय' मानला जायचा. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाद्र्यांनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो इव्हँजेलिकलांचा पहिल्या नंबरचा विषय झाला. बायबल तेच होतं हो, एक अक्षर बदललं नव्हतं.

अजून एक. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहातल्या आठांनी ट्रम्पना मत दिलं. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी दहातल्या नऊहून जास्त लोकांनी विरुद्ध बाजूला. दोघांच्याही चर्चमध्ये तेच बायबल, बऱ्याचदा तीच गाणी.

तिरपा डोळा

१९७१ चा ठराव माहीत नव्हता. हा मुद्दा माझ्याविरुद्ध जातो, तरी +१.

शेवंती

सगळे युरोप-अमेरिकेत फिरून आलात. भारतात धर्माचा रकाना माणसाच्या राजकारणावर थेट, कायद्याने परिणाम करतो, ते कुणीच लिहिलं नाही.

१९५० चा अनुसूचित जातींचा आदेश. मूळ तरतूद: हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे एखाद्या दलित कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला, तर राखीव मतदारसंघातून उभं राहायचा हक्क गेला. गाव तेच, वस्ती तीच, शेजारपाजारची वागणूक तीच, दाखला मात्र रद्द. कित्येक ठिकाणी चर्चमध्येसुद्धा बसायच्या जागा आणि दफनभूमी जातीवार वेगळ्या राहिल्या, हे तर आणखी वर. मग लोक कागदावर एक आणि रविवारी दुसरं असं जगतात. आणि आपण म्हणायचं की ख्रिस्ती फक्त २.३ टक्के (२०११ ची जनगणना). ज्यांना कागदावर येणंच परवडत नाही ते कशात मोजायचे?

अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. मिझोरममध्ये ४० पैकी ३९ विधानसभा जागा जमातींसाठी राखीव आहेत आणि निवडून येणारे बहुतेक सगळे ख्रिस्ती. एकाच राज्यघटनेखाली, एकाच धर्माच्या दोन माणसांना दोन न्याय. यावर न्यायालयात वर्षानुवर्षं खटले चालू आहेत.

खडूफळा

मिझोरमवरून आठवलं. २०२३ मध्ये पाच राज्यांची मतमोजणी ३ डिसेंबरला ठरली होती. तो रविवार निघाला. मिझोरममधून सगळीकडून अर्ज गेले की रविवारी मोजणी नको, आणि निवडणूक आयोगाने फक्त त्या राज्याची मोजणी सोमवारी, ४ तारखेला ठेवली. या मागणीत सत्ताधारी, विरोधक आणि चर्च सगळे एका सुरात होते, हे विशेष.

जुनी वही

तिथली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मिझोरम पीपल्स फोरम. चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये निघालं. निवडणूक आली की पक्षांकडून करारावर सह्या घेतात: किती बॅनर, किती खर्च, मेजवान्या नाहीत. मग मतदारसंघातले सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर ओळीने बसतात, ठरलेल्या वेळात बोलतात, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. उमेदवाराने एकट्याची जंगी सभा घ्यायचीच कमी. कुणाला मत द्या हे फोरम सांगत नाही. मत कसं मागायचं ते ठरवतं. कायद्याने बंधनकारक काही नाही, पण मोडायची हिंमत फारशी कुणी करत नाही. मला हे एकाच वेळी आवडतं आणि थोडी धडकीही भरते. चर्चच्या बाहेरच्या माणसाने अशा व्यासपीठावर कुठे उभं राहायचं?

पिंपळपान

@शेवंती, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता. माझ्या मांडणीत सगळा भर चर्चच्या हातात काय आहे यावर होता. सरकारच्या हातात माणसाचा रकाना असतो, ही बाजू माझ्याकडून निसटली.

लेबनॉन याचं टोक आहे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, असं १९४३ पासून ठरलेलं. संसदेत ख्रिस्ती आणि मुसलमान जागांचं प्रमाण आधी सहास पाच, १९८९ च्या ताइफ करारानंतर निम्मे निम्मे: ६४ आणि ६४. हा सगळा हिशोब मुळात १९३२ च्या जनगणनेवर उभा. त्यानंतर तिथे जनगणना झालेलीच नाही, कारण मोजलं तर हिशोब मोडेल. तिथला नास्तिक उमेदवारसुद्धा कुठल्या तरी पंथाच्या जागेवरूनच उभा राहतो.

आणि केरळमध्ये १९५९ साली ईएमएस नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार बरखास्त झालं, त्या आंदोलनाची ठिणगी शिक्षण विधेयकाची होती. ख्रिस्ती संस्था आणि नायर सेवा समाज एकत्र आले ते खासगी शाळांवरचा ताबा जाईल म्हणून. पुन्हा शाळाच.

तिरपा डोळा

तुमच्या 'चर्चच्या हातात काय आहे' याला माझ्याकडून एक भर. कधी कधी फक्त छप्पर असतं.

पूर्व जर्मनीत सरकारच्या परवानगीशिवाय जमायला जागाच नव्हती, चर्च सोडून. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना व्हायची. ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्ताधारी पक्षाने आपली सहाशेच्या आसपास माणसं दुपारपासूनच आत नेऊन बसवली, म्हणजे आंदोलकांना जागाच मिळू नये. बिचारे पक्ष कार्यकर्ते तासन् तास बाकांवर बसून, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच, प्रवचन ऐकत होते. बाहेर रस्त्यावर सत्तर हजार माणसं जमली. बहुतेकांचा देवाधर्माशी संबंध नव्हता. गोळीबार झाला नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. पुढच्या वर्षी मोकळ्या निवडणुका झाल्या तेव्हा तरुणपणी लष्करी शपथ नाकारून तुरुंगात गेलेले एक पाद्री थेट संरक्षणमंत्री झाले: राइनर एपेलमान. पण लोक काही चर्चमध्ये परतले नाहीत. तो भाग आजही युरोपातल्या सर्वांत कमी धार्मिक भागांपैकी आहे.

ढेकूळ

हे माहीत नव्हतं. व्होट बँक वगैरे मागे घेतो, अर्धं तरी.

अर्धा कप

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. मी काही वर्षं उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला काम केलं.

रुजू झालो त्या दिवशी एक कागद पुढे आला. तीन चौकोन: माझी पार्श्वभूमी प्रोटेस्टंट समाजाची आहे, कॅथलिक समाजाची आहे, दोन्ही नाही. कागदावर स्पष्ट म्हटलं होतं की तुम्ही धर्म पाळता की नाही हे आम्ही विचारत नाही आहोत. दहापेक्षा जास्त पूर्णवेळ माणसं कामाला असली की ही नोंद ठेवणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे, नोकऱ्यांत एका समाजाला डावललं जाऊ नये म्हणून. पूर्वी सर्रास डावललं जायचं.

पोलीस भरतीत तर २००१ ते २०११ अशी दहा वर्षं निम्मे कॅथलिक आणि निम्मे 'कॅथलिक नसलेले' घ्यायचे असा नियम होता. म्हणजे आपला एखादा देशपांडे भरतीला गेला असता तर तो प्रोटेस्टंटांच्या ढिगात. तिथे जुना विनोदच आहे: नास्तिक आहेस ते ठीक, पण प्रोटेस्टंट नास्तिक की कॅथलिक नास्तिक? विधानसभेतसुद्धा आमदाराने आपण युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे), नॅशनलिस्ट (आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे) की 'इतर' ते नोंदवायचं असतं, आणि काही महत्त्वाच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांतून वेगवेगळा पाठिंबा मोजतात. 'इतर'वाल्यांची मतं एकूण बेरजेत धरतात, पण या गटवार मोजणीत नाही.

तर, मी मुकाट्याने 'दोन्ही नाही'वर खूण केली. मग सहज विचारलं की कोरं ठेवलं असतं तर? एचआरच्या बाई म्हणाल्या, मग आमच्याकडे असलेल्या कागदांवरून आम्ही ठरवतो. बहुतेक वेळा शाळेच्या नावावरून. आणि माझा अर्ज उलटून बघत हसायलाच लागल्या. माझी शाळा कॉन्व्हेंट. नावात संतही आहे आणि मेरीही.